प्रश्न क्रमांक चौदा

६ जानेवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार लिहायची सवय आहे, पण खोटं कशाला लिहू? उजवा गुडघा वाकेनासा झाला आहे, तेव्हा हा नमस्कार उभ्याउभ्याच घे.

तुझं पत्र मिळालं. बारा ऑक्टोबरला तू सत्तर पूर्ण करणार आणि काहीही झालं तरी मी यायचं, हा हुकूम वाचला. सहा वर्षं झाली आपल्याला भेटून. मधे एक सीमा आणि सात तासांची रेल्वे, एवढंच काय ते अंतर, पण दर वर्षी काहीतरी आडवं येतं. कधी माझ्याकडे एखादं जाडजूड पुस्तक तपासायला येऊन पडतं, कधी भावोजींचं पित्त उसळतं. या वेळी मात्र मी येणार. तुझे तीन जिने स्वतःच्या पायांनी चढणार आणि बेल दाबणार. तू दार उघडेपर्यंत बोट काढणार नाही.

कसं, ते ऐक. मी गुडघा बदलून घेतोय. एकोणीस वर्षं विम्याचे हप्ते भरले, एका गोळीचाही क्लेम केला नाही. आमचा एजंट मला 'आदर्श ग्राहक' म्हणतो आणि दर वर्षी एक डायरी देतो. परवा त्या खाजगी हॉस्पिटलात गेलो तर वाटलं, चुकून हॉटेलात शिरलो. आत चक्क कारंजं आहे! काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सर, तुम्हाला कोणता दिवस सोयीचा?" मला, सोयीचा! तुमच्या सरकारी दवाखान्यात हा प्रश्न कुणी कधी ऐकला आहे का? वीस फेब्रुवारी ठरली.

आमच्या वाचनालयात मार्चमध्ये वादसभा आहे. विषय, 'आजारपण सरकारच्या हवाली करावे की विम्याच्या?' मी विम्याच्या बाजूने बोलणार आहे, नव्या गुडघ्यावर उभा राहून. तुझी मतं मला पाठ आहेत. चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात सिस्टर होतीस, तुला ते गोड लागणारच. तरी काय म्हणायचं ते लिहून कळव. फोन नको. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

तुझा,
बारक्या


१९ जानेवारी

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. बसल्या जागेवरून देते आहे, पण आशीर्वादाला उठावं लागत नाही. वजन ब्याण्णव किलो झालं तरी तू आम्हाला बारक्याच.

तू येणार हे वाचून मी दोनदा डोळे पुसले, मग कारंज्यापर्यंत आले आणि डोळे आपोआप कोरडे झाले. अरे, कारंज्याने गुडघा बरा होतो का? आमच्याकडे कारंजं नाही. भिंतीला हिरवा रंग आहे, तोही कमरेपर्यंतच, वरचा हात द्यायचा राहून गेला त्याला अकरा वर्षं झाली. पण माणूस दारातून आत आला की त्याला पहिलं विचारतात, कुठे दुखतंय? तुझ्या त्या मुलीने सोयीचा दिवस विचारायच्या आधी काय विचारलं होतं, आठव बरं. पॉलिसीचा नंबर. हो ना?

रांगेवरून तू टोमणा मारणार हे माहीत आहे. आहे आमच्याकडे रांग. सगळ्यांना आत घेतात म्हणून रांग आहे. तुमच्याकडे दिसत नाही, कारण ज्यांना परवडत नाही ते आपापल्या घरी कण्हत बसतात, आणि घरांना काही काउंटर नसतं.

माझ्या गुडघ्यांचं विचारलं नाहीस, तरी सांगते, उत्तम आहेत. बाबांचे गुडघे तुझ्या वाट्याला आले, मला आईचे मिळाले. हल्ली भाजी मी खिडकीतून टोपली सोडून वर ओढून घेते. भाजीवाल्याला त्याची गंमत वाटते, मलाही वाटते.

आता एक ताकीद. फॉर्म भरताना 'हो' आणि 'नाही' यांच्या पलीकडे एक अक्षर लिहू नकोस. शाळेत 'आमची सहल' या निबंधाला तू दोन पुरवण्या घेतल्या होत्यास आणि वेळ संपली तेव्हा सहल अजून घरातून निघालीसुद्धा नव्हती. वहिनीला म्हणावं, फॉर्म भरताना याच्या शेजारी बस आणि पेन हातातून काढून घे.

तुझी,
ताई


११ फेब्रुवारी

ती. ताईस,

अजून उभ्यानेच.

एक किरकोळ अडचण आली आहे. हसणार नसलीस तरच पुढे वाच.

तुझी ताकीद पोचली त्याच्या आदल्या दिवशी मी फॉर्म टाकून आलो होतो. त्यातला प्रश्न क्रमांक चौदा असा: 'सदर अवयवास पूर्वी कधी इजा झाली आहे काय? असल्यास सविस्तर लिहावे.' ताई, 'सविस्तर' हा शब्द त्यांनी छापला होता, मी नाही. चाळीस वर्षं मी लोकांच्या पुस्तकांची प्रुफं तपासली, अर्धवट मजकूर माझ्याने बघवत नाही. तेव्हा वेगळा कागद जोडून चार परिच्छेद लिहिले. नऊ वर्षांचा असताना घरामागच्या भिंतीवरून पडलो, भिंत अंदाजे सात फूट, खाली विटांचा ढीग, उजवा गुडघा फुटला, तीन आठवडे अंथरुणात. ऋतू, वार, विटांचा रंग, सगळं लिहिलं.

कंपनीचं उत्तर आलं, 'आपला आजार पॉलिसी घेण्यापूर्वीपासूनचा असल्याचे आपल्याच लेखी निवेदनावरून स्पष्ट होते. सबब क्लेम नामंजूर.' या दोन वाक्यांच्या पत्रात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं. अजून पोच नाही.

मग फोन केला. सत्तेचाळीस मिनिटं एकच धून ऐकली, मधूनमधून एक बाई सांगत होत्या की माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. शेवटी एक गृहस्थ आले. ते म्हणाले, ती जुनी इजा किरकोळ होती आणि पूर्ण बरी झाली, असा प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा लेखी जबाब आणा, मग फेरविचार करू.

आई-बाबा गेले. त्या भिंतीपाशी आपण दोघंच होतो, म्हणजे साक्षीदार तू एकटी. दोन ओळी लिहून पाठव. नऊ वर्षांचा असताना घसरून पडला, थोडं लागलं, बरा झाला. 'घसरून पडला' हे शब्द मात्र जरूर घाल. बाकी काही लिहू नकोस. वीस तारीख हुकली, पण जबाब लवकर आला तर ऑक्टोबर अजून हातात आहे.

तुझा,
बारक्या


२५ फेब्रुवारी

चि. बारक्या,

आशीर्वाद. हसले. उचकी लागेपर्यंत हसले. पत्र यांना वाचून दाखवलं तर हे चहाचा ठसका लागून बनियन बदलायला गेले.

एकोणीस वर्षं हप्ते घेताना त्यांना तुझी भिंत आठवली नाही. डायऱ्या वाटताना विटांचा रंग विचारला नाही. आणि द्यायची वेळ आली तेव्हा तुझं बालपण उकरून काढलं! चौतीस वर्षांत मी हजारो गुडघे पाहिले, एकालाही विचारलं नाही की बाळा, नऊ वर्षांचा असताना तू कुठे पडला होतास. सुजलेला गुडघा समोर दिसत असताना आणखी काय वाचायचं?

परवाच कॉरिडॉरच्या बाकावर एक बस ड्रायव्हर भेटला. सकाळी सातला येऊन बसला होता, डबा घेऊन, आणि दुपारी दोनला त्याचा नंबर लागला तेव्हा शेजारच्या दोघांशी त्याची इतकी दोस्ती झाली होती की उठायलाच तयार नव्हता. मी आठवड्यातून एकदा जाते तिथे, जुन्या मैत्रिणींना भेटायला. बसते थोडा वेळ बाकावर.

राहिला तुझा जबाब. बारक्या, खरं सांगू का, इतकं जुनं मला आता नीट आठवत नाही. वय झालं. कोणता गुडघा, कशी भिंत, सगळं पुसट झालंय. शिवाय खोटा जबाब द्यायला मला आवडणार नाही. दुसरा काही मार्ग निघतो का बघ.

तुझी,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,

नमस्कार नाही. मी रागावलो आहे.

आधी वादसभेचं सांगतो, म्हणजे राग क्रमाने वाढेल. वाचनालयाचा हॉल भरला होता. मी विम्याच्या बाजूने बावीस मिनिटं बोललो. निवडीचं स्वातंत्र्य, सरकारी खात्यांची सुस्ती, ग्राहकाचा मान, सगळे मुद्दे घेतले. टाळ्याही बऱ्या पडल्या. मग अध्यक्षांनी विचारलं, विरुद्ध बाजूने कुणी बोलणार का? तिसऱ्या रांगेतून हात वर झाला. तुझी वहिनी! चष्मा लावला, पर्समधून कंपनीचं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. त्यापुढे माझे चार परिच्छेद वाचले, विटांच्या रंगासकट. मग 'आभारी आहे' म्हणून खाली बसली. लोक पोट धरून हसले. ठराव तिच्या बाजूने झाला. घरी परतताना मला तिच्याच खांद्याचा आधार घ्यावा लागला, नाहीतर जिना चढवत नव्हता.

आता तुझं. कुंपणाच्या गल्लीतल्या टेलरने तुझ्या निळ्या फ्रॉकला किती बटणं लावली होती ते तुला आठवतं. पाचवीतल्या बाईंची साडी आठवते. आणि ज्या गुडघ्याला तू स्वतः तीन आठवडे मलम लावलंस तो कोणता, हे आठवत नाही? मला संशय आला. तुझ्या वहिनीला भावोजींना फोन करायला सांगितलं. भावोजी बिचारे सरळ मनाचे, 'ताईची तब्येत कशी' एवढं विचारताच सगळं ओकले.

चौदा महिने! चौदा महिने तू गुडघ्याच्या प्रतीक्षा यादीत आहेस! बाकावर मैत्रिणींना भेटायला नाही, स्वतःचा नंबर बघायला बसतेस. भाजी टोपलीतून येते कारण तू आठवड्यातून त्या एकाच दिवशी जिना उतरतेस, तेही उलटी, कठडा धरून. वर मला लिहितेस की आईचे गुडघे मिळाले! आणि भावोजी म्हणाले, तुला तीनदा बोलावणं आलं होतं. तीनदा आलं, मग ऑपरेशन का झालं नाही? ते म्हणाले, तिलाच विचार, मी सहा दिवस या विषयावर मौन धरलंय.

मी माझी फजिती तुला विटांच्या रंगासकट कळवली. तू काय केलंस? हेच का तुझं सरकारी राज्य? लिही सविस्तर.

बारक्या


३० मार्च

चि. बारक्या,

आशीर्वाद, राग असला तरी.

ठीक आहे, पकडली गेले. यादीत आहे. उजवाच गुडघा. बाबांनी दोघांना सारखं वाटप केलं.

तीन वेळा बोलावणं आलं, हेही खरं. पहिल्या वेळी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भरती झाले. शेजारच्या पलंगावर छपरं शाकारणारा एक माणूस होता, तो यादीत माझ्या मागे सतरावा. एक्स-रे खिडकीला लावलेला, माझी नजर गेलीच. हाडावर हाड घासत होतं. मला पेन्शन आहे, त्याला शिडी चढल्याशिवाय खायला मिळत नाही. मी सिस्टरला सांगितलं, याला आधी घ्या. दुसऱ्या वेळी एक फुलं विकणारी बाई, दिवसभर उकिडवं बसायचं काम. तिसऱ्या वेळी एक मास्तर. तो इतका कळवळत होता की मी केसपेपर न बघताच माझी जागा दिली. पुढच्या महिन्यात तो मला त्याच्या पुतणीच्या लग्नाच्या फोटोत नाचताना दिसला, ऑपरेशनच्या आधीच्या तारखेला. तेव्हापासून हे माझ्याशी गुडघा या विषयावर बोलत नाहीत. प्रत्येक वेळी जागा सोडली की यादीत मागे ढकलतात, तो नियमच आहे, आणि तो नियम राबवणारी मीच होते चौतीस वर्षं. आता माझ्यासाठी मोडा कसं म्हणू?

तुला सांगितलं नाही कारण तू म्हणाला असतास, बघ तुमची यादी. आणि बारक्या, ऑक्टोबरात तू तीन जिने चढून येणार आणि मी दारापर्यंत यायला पाच मिनिटं घेणार, हे मला सहन होणार नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. ही लिहायला मला पाच दिवस लागले.

मला सगळं आठवतं. तू पडला नव्हतास. मी ढकललं. ती भिंत माझी जागा होती, एकटीची. तू शेपटासारखा मागे आलास, वर चढलास, आणि मी गाणं म्हणत होते त्यातली चूक काढलीस. तिसऱ्यांदा. मी दोन्ही हातांनी ढकललं आणि तू विटांवर गेलास. आई धावत आली तेव्हा मी म्हणाले, घसरला. तू इतका रडत होतास की तुला काही कळलं नसावं, तूही तेच म्हणत राहिलास. तीन आठवडे मी तुझ्या पलंगाशी बसले, पट्टी बदलली, पत्ते खेळले, मुद्दाम हरले. सगळे म्हणायचे, काय गुणाची मुलगी. लोक विचारतात, नर्स का झालात? मी काहीतरी सांगते. खरं कारण ती भिंत आहे. मला त्या पट्टीतून अजून सुटका मिळालेली नाही.

आणि गुडघा डावा होता, बारक्या. उजवा नाही. पलंगासमोर कपाटाचा आरसा होता, तीन आठवडे तू स्वतःला त्यात बघत होतास. आयुष्यभर प्रुफं तपासलीस आणि स्वतःचा पाय उलटा वाचलास.

जबाब सोबत जोडला आहे. खरं तेच लिहिलंय. दीड पान झालं, तू काही बोलू नकोस.

ताई


२ मे

ती. ताईस,

नमस्कार. आता राग नाही, पण सांगायचं पुष्कळ आहे.

आधी कंपनी. तुझा दीड पानी जबाब मी तसाच पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, 'पूर्वीची इजा डाव्या गुडघ्यास झाली असल्याने उजव्या गुडघ्याचा क्लेम मंजूर.' मी उठून उभा राहणार एवढ्यात खाली दुसरा परिच्छेद दिसला. 'तथापि सदर इजा अन्य व्यक्तीच्या हेतुपुरस्सर कृतीमुळे झाल्याचे जबाबावरून दिसते. डाव्या गुडघ्याचा क्लेम भविष्यात उद्भवल्यास वसुलीसाठी सदर व्यक्तीचे पूर्ण नाव व पत्ता कळवावा.'

अभिनंदन, ताई. माझ्या विमा कंपनीच्या फायलीत तू गुन्हेगार आहेस.

मी उत्तर दिलं. या वेळी एकच परिच्छेद. लिहिलं की सदर व्यक्ती तेव्हा तेरा वर्षांची होती, तिने भरपाई म्हणून पुढे चौतीस वर्षं अनोळखी लोकांचे गुडघे बांधले, आता आणखी वसूल करण्यासारखं तिच्याकडे काही शिल्लक नाही. तुझ्या वहिनीने पेन काढून घ्यायला हात पुढे केला होता, वाचून झाल्यावर मागे घेतला.

आता बसून वाच. मला माहीत होतं.

पाठीला तुझे दोन्ही हात लागले ते मला छप्पन वर्षं आठवतंय. आईने विचारलं तेव्हा 'घसरलो' असं आधी मी म्हणालो. तू माझ्या मागून म्हणालीस. मी काही शूर नव्हतो. त्या उन्हाळ्यात आई सारखी म्हणत होती की मोठीने आणखी एक उपद्व्याप केला तर तिला मावशीकडे शिकायला पाठवते. तू गेली असतीस तर मी कुणाच्या मागे फिरलो असतो? म्हणून घसरलो. आणि ताई, ते तीन आठवडे माझ्या लहानपणातले सगळ्यात चांगले होते. तू मुद्दाम हरतेस तेही मला कळत होतं, पण जिंकायला बरं वाटायचं.

फॉर्मच्या त्या चार परिच्छेदांत विटांचा रंगसुद्धा बरोबर आहे. गुडघा चुकला तो नकळत. पण 'पडलो' हे एकच वाक्य मी चूक आहे हे ठाऊक असून तसंच जाऊ दिलं. चाळीस वर्षांत एवढं एकच. म्हणून तुला म्हणत होतो, 'घसरून पडला' एवढंच लिही. पण तू माझीच बहीण, दीड पान लिहिलंस.

आता माझी अट. माझी तारीख मी मुद्दाम जुलैच्या शेवटी घेतली आहे. तुला पुढचं बोलावणं आलं की भरती व्हायचं आणि कापून घ्यायचं. तुझ्या ऑपरेशनच्या कागदाची प्रत पोस्टाने माझ्या हातात पडली नाही, तर मी कारंज्याकडे फिरकणार नाही. तू तुझी जागा दुसऱ्याला दिलीस तर ती माझीही दिलीस असं समज. मग बस बारा ऑक्टोबरला टोपली खाली सोडून, मी त्यात मावणार नाही.

तुझा,
बारक्या


२४ जून

चि. बारक्या,

आशीर्वाद, पाठीवर पडून.

झालं. परवा झालं. कागदाची प्रत सोबत आहे, शिक्का नीट उमटला नव्हता म्हणून पुन्हा मारून घेतला, तू शंका काढशील म्हणून.

आदल्या संध्याकाळी शेजारच्या पलंगावर एक धोबीण आली. दोन्ही गुडघे नारळाएवढे सुजलेले. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. माझं तोंड उघडलंच होतं. उशीखाली तुझं पत्र होतं, त्यावर हात ठेवला आणि तोंड मिटलं. आयुष्यात इतकं अवघड काम मी केलं नव्हतं. रडू आलं. वॉर्डची सिस्टर माझ्याच हाताखाली शिकलेली, ती आली आणि म्हणाली, "मॅडम, त्यांचं उद्या दुपारी आहे, तुमचं सकाळी. जागा दोन आहेत. झोपा आता." मी तिला विचारलं, हे तिन्ही वेळा का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्ही सांगू दिलंत का?"

चौदा-सतरा महिने वाट बघायला लावणं चूकच आहे, ते मी मान्य करते. माझा शहाणपणा त्यातून वजा केला तरी आठ-नऊ महिने उरतात, आणि दुखऱ्या माणसाला नऊ महिने फार असतात. आणखी दोन सर्जन आणि एक खोली हवी, असा अर्ज मी पलंगावरूनच लिहायला घेतला आहे. सहा पानं झालीत. पण आत घेताना कुणी माझ्याकडून पैशाच्या कसल्याच कागदावर सही घेतली नाही, आणि धोबीण आणि मी एकाच दिवशी चालायला लागलो. हे तुझ्या वादसभेत सांग. वहिनीला सांगायला लाव, तुझ्याने ते बावीस मिनिटांत व्हायचं नाही.

आता तुझी पाळी.

ताई


१० ऑगस्ट

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार लवकरच. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे थांब.

ऑपरेशन झक्क झालं. खोलीत पडदे होते, फुलं होती, सर्जन दिवसातून दोनदा येऊन हसून जायचा. मी तुझ्यावर मात करणारं पत्र मनातल्या मनात रचून ठेवलं होतं. मग घरी सोडायचा दिवस आला. सकाळी दहाला डॉक्टरांनी सोडलं. कंपनीची शेवटची मंजुरी आल्याशिवाय हॉस्पिटल सोडेना. मी आणि तुझी वहिनी सामानासकट खाली बसलो. दुपारी चारपर्यंत. ताई, सहा तास त्या कारंज्याकडे बघितल्यावर ते कसं वाटतं, ते मी तुला भेटल्यावर सांगेन. शेजारी आणखी तिघे बरे झालेले बसले होते. आमची चांगली दोस्ती झाली, एकाने डबा उघडला.

माझं मत मात्र बदललेलं नाही. थोडं हललं आहे, नव्या गुडघ्याइतकं.

अकरा ऑक्टोबरच्या सकाळच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. दोघांचं.

बारक्या


२६ सप्टेंबर

चि. बारक्या,

आशीर्वाद. खिडकीशी उभी राहून लिहिते आहे, टोपली भाजीवाल्याला देऊन टाकली.

बेल दाबायची नाही. मी वर बसून वाट बघणार नाही, छप्पन वर्षं पुष्कळ झाली. तुमची टॅक्सी वळली की मी जिना उतरायला लागेन, सरळ, पुढे तोंड करून. तू चढायला लाग. मधल्या वळणावर भेटू. तिथे एक खुर्ची ठेवायला यांना सांगितलं आहे, ज्याला आधी दम लागेल त्याची. नमस्कार वाकून करायचा, मी मोजणार आहे किती वाकतोस ते.

वर येताना कठड्याची बाजू तुझी. आणि मी पुढे चालेन, तू मागून ये. मी तुझ्या मागे असले तर तुझा जीव ठिकाणावर राहणार नाही. गाणं म्हणत चढेन, चुकलं तर चूक काढ.

तुझी,
ताई